माझ्या उच्चारांमुळे अडकलेला भाऊ

आमच्या नातेवाइकांत एक विनोद आहे. लग्न असो, बारसं असो, जेवताना कुणीतरी तो काढतंच. "हिच्या कॉन्व्हेंटच्या उच्चारांमुळे हिचा भाऊ वरच अडकला." मग सगळे हसतात. माझी आई ताटाकडे बघते. मीही थोडं हसते, कारण न हसणाऱ्या मुलीला शिष्ट म्हणतात, आणि तो शिक्का माझ्यावर आधीच आहे.

या विनोदाचं मूळ ज्या पावसाळ्यात आहे, तेव्हा मी चौथीत होते. मीरा रोडच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये आई, बाबा आणि मी राहायचो. शेजारच्या विंगमध्ये बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. परळची खोली सुटली तेव्हा भावंडांनी एकाच सोसायटीत घरं घेतली होती, त्यामुळे आत्या आमच्याकडे बेल न वाजवता यायची. श्रावण लागायच्या आधी ती आली आणि म्हणाली, "यंदा पोथी ही वाचेल. इंग्रजी शाळेत घातलीय, निदान मराठी तरी सुधारेल." मधुमेहामुळे आत्याला बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. आई म्हणाली, "तिला जमेल का?" आत्या म्हणाली, "न जमायला काय झालं? मी बसते ना शेजारी."

मला अभिमान वाटला, हे सांगितलंच पाहिजे. शाळेत मी हात वर न करणारी मुलगी होते. घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी. पण संध्याकाळी पाय धुऊन, केस बांधून पाटावर बसले की समोर चौरंगावर लाल कापड, त्यावर पोथी, बाजूला निरांजन, आणि मग मी बोलायचे आणि मोठी माणसं गप्प बसायची. असं दुसरीकडे कुठेच होत नव्हतं.

त्या दिवसांत कपडे वाळत नसत. हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांवर बाबांच्या पँट्स, आणि त्यांच्याखाली आमचं वाचन. पोथीची पानं दमट होऊन एकमेकांना चिकटायची. मी ती नखाने अलगद सोडवायचे. गेटजवळ पाणी साचलं की शाळेला सुट्टी मिळायची, मग मी दुपारी त्या दिवसाचा अध्याय मनातल्या मनात वाचून ठेवायचे, म्हणजे संध्याकाळी अडखळायला नको. 'ज्ञ', 'क्ष', 'द्व' असलेले शब्द पेन्सिलने कागदावर लिहून काढायचे. इतकी तयारी मी कुठल्याही परीक्षेची केली नव्हती. त्यातल्या राजांचा, ऋषींचा, शापांचा अर्थ मला निम्माच कळायचा. पण ओवीचा ठेका कळायचा.

पहिल्या दिवशी आत्याने आईच्या ओंजळीत पळीभर पाणी घातलं होतं, स्वतः काहीतरी भराभर पुटपुटली होती आणि आईने ते पाणी ताम्हनात सोडलं होतं. तो संकल्प. वाचन कुणाच्या नावाने आणि कशासाठी, ते त्यात देवाला सांगतात. मला वाटलं, माझं मराठी सुधारू दे असंच काहीतरी सांगितलं असेल. दुसरं वाटायचं कारणच नव्हतं, मला तेच सांगण्यात आलं होतं.

खरं काय ते मला समोरच्या गुजराती आंटीने सांगितलं. ती रोज वाटीभर दूध-साखरेचा प्रसाद घ्यायला यायची. एकदा दारातच माझा गाल ओढून म्हणाली, "वाह रे बेटा, भाई के लिए इतना पढ़ रही है! अब तो आएगा ही." मी विचारलं, "कौनसा भाई?" ती हसली, "अरे, जो तेरी मम्मी को होगा, वो!"

म्हणजे तिला माहीत होतं. तिच्या सुनेला माहीत होतं. खाली इस्त्रीवाल्याच्या बायकोलाही माहीत असणार. अख्ख्या विंगमध्ये फक्त वाचणारीला माहीत नव्हतं.

मी आत येऊन आत्याला विचारलं. ती अजिबात ओशाळली नाही. "मग काय झालं? कुमारिकेने वाचलं की देव लवकर पावतो. म्हणून तर तुला बसवली." मी आईकडे बघितलं. आई भेंडी पुसत होती. एकेक भेंडी, देठापासून टोकापर्यंत.

या वाक्यावर मी आजही चिडते. मुलगी इतकी शुद्ध की तिच्या तोंडून मागितलेलं देव टाळत नाही, आणि तिच्या तोंडून मागायचं काय, तर मुलगा. मी घरात होते, समोर बसले होते, वाचत होते, आणि तरी त्या घरात मूल यायचं बाकी होतं.

उरलेले अध्याय मी वाचले. दुसरं काय करणार होते? शेवटी पोथी ऐकल्याची फळं सांगितली होती. त्यांत पुत्र होता, आणि मी तोही स्पष्ट उच्चारला. भाऊ झाला नाही. पुढच्या पावसाळ्यात आत्याने कारण शोधलं, "जोडाक्षरं खाल्ली हिने. मी ऐकत होते ना." आणि तिथून तो विनोद सुरू झाला. मुलगा न होण्याचा दोष बायकांवर येतो हे मी पुढे बरंच ऐकलं. आमच्याकडे तो चौथीतल्या मुलीच्या उच्चारांवर आला.

हे सगळं आता लिहितेय, कारण गेल्या श्रावणात आत्याने आईला आणि मला बोलावलं. आता ती तिच्या मुलाकडे, भाईंदरला गोडदेवमध्ये राहते. दादा-वहिनीला एक मुलगी आहे, दुसरीत, अर्थात इंग्रजी माध्यमात. गेलो तर चौरंग मांडलेला, लाल कापड तेच, पोथी तीच. पाटावर ती छोटी बसली होती, केस घट्ट बांधून. तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान मी ओळखला.

"ये गं," आत्या मला म्हणाली. "हिला जरा जोडाक्षरं शिकव. तुझ्यासारखं नको व्हायला."

"ही कशासाठी वाचतेय, आत्या?"

"मराठी सुधारायला!"

तेच वाक्य. वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. दादा मोबाइल बघत होता.

माझा आवाज लोकांत फुटत नाही. त्या छोटीबरोबर मी नेहमी इंग्रजीतच बोलते. तिला तिथेच इंग्रजीत सांगितलं असतं तर आत्याला कळलंही नसतं आणि मला सोपं गेलं असतं. म्हणून मी मराठीत बोलले.

"बाळा, तुला भाऊ व्हावा असं आजीला वाटतंय. तो मागायला तुला वाचायला लावतायत. माझ्याकडूनही असंच वाचून घेतलं होतं, मला न सांगता. तुला वाचायचं असेल तर वाच. पण कशासाठी ते माहीत असू दे."

आत्या ओरडली, "लहान पोरीला काय सांगतेस हे!"

"लहान पोरीकडून मागून घेताय, मग तिला सांगायला काय हरकत आहे?" मी म्हटलं.

छोटीने जरा विचार केला. मग म्हणाली, "आजीला पाहिजे ना? मग आजीच वाचू दे."

"मला दिसत नाही गं, सोन्या."

"चष्मा लाव ना," ती म्हणाली आणि उठून टीव्ही लावायला गेली.

दादा हसला. आत्या वहिनीला म्हणाली, "बघ, हिच्यामुळे परत अडलं." वहिनीने हात पुसले, पाट उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

परतताना रिक्षात प्लास्टिकच्या पडद्याच्या फटीतून पाणी आत येत होतं. आई बराच वेळ पदर सावरत बसली. मग बाहेर बघतच म्हणाली, "जोडाक्षरं तू खाल्ली नव्हतीस. एकही नाही. मी समोरच बसले होते, सगळं ऐकलंय मी."

एवढ्या लग्नांत, एवढ्या बारशांत हे एक वाक्य तिच्याकडे होतं, आणि ती ताटाकडे बघत राहिली. आत्यावरचा राग मला आता सवयीचा झालाय. हा नवा आहे.