तबकडीतली हळद

आमच्या धंद्यात दोन गोष्टी न बोलावता येतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ ब्रशनं निघते. किस्से मात्र साचत जातात आणि कधी चहाबरोबर, कधी लाइट गेल्यावर कोणीतरी म्हणतं, "ताई, तो सांगा ना, पापडवाला!" मग सांगावाच लागतो.

धंदा म्हणजे जुन्या रेकॉर्डी जमवायच्या आणि लोकांच्या खराब झालेल्या दुरुस्त करून द्यायच्या. जळगावात एका जिन्याच्या वर आमचं दुकान आहे. रेकॉर्डी धुण्याचं काम माझं. मशीन, मोटार, सुई आणि तबकडीवरचं बारीक काम सलीमभाईंचं. त्यांच्या वडिलांचं लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे पेचकस त्यांच्या हातात चमच्याच्याही आधी आला असावा.

सलीमभाई स्वभावानं गरीब, पण एका बाबतीत कसाई! रेकॉर्ड एकाच जागी अडकून तेच तेच म्हणायला लागली, की सुई तत्काळ उचलायची. नाहीतर ती जागा घासून जन्माची वाया जाते. "आधी सुई, मग बोलणं," हा त्यांचा कायदा. एकदा मी फोनवर होते, सुई अडकली, आणि मी बोट वर करून 'एक मिनिट' अशी खूण केली. त्यानंतर आठवडाभर मला चहा एकटीनं प्यावा लागला.

*

आता पापडवाला.

दारावरच्या पाटीवर लिहिलंय, 'जुन्या रेकॉर्डी धुऊन व दुरुस्त करून मिळतील'. ते वाचून एका गृहस्थांना वाटलं, धुणं तर काय, घरीही होतं! त्यांनी सगळा संग्रह साबणाच्या पाण्यातून काढला आणि गच्चीवर वाळत घातला. कुठं? तर बायकोनं पापड घातले होते त्यांच्या शेजारी. महिना मे. गाव जळगाव.

संध्याकाळी पापड कडक झाले आणि रेकॉर्डी मऊ. सकाळी गृहस्थ पिशवी घेऊन आमच्या दारात. सलीमभाईंनी एक रेकॉर्ड बाहेर काढली. तिच्या कडा छान वर वळल्या होत्या.

"काही होईल का हो?" त्यांनी काकुळतीला येऊन विचारलं.

सलीमभाईंनी ती दोन्ही हातांत धरून सगळीकडून न्याहाळली. "होईल ना. हिच्यात भरीत वाढता येईल."

*

त्यातल्या बऱ्याच आम्ही सरळ केल्या, ही गोष्ट वेगळी. वाकलेली तबकडी दोन जाड काचांमध्ये ठेवायची आणि मंद उष्णता द्यायची. घाई केली तर आतलं गाणंच पुसलं जातं. सलीमभाई ही काचांची चळत पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत ठेवतात. ऊन थेट लागत नाही, पण झळ लागते. रात्री काचा थंड होतात, सकाळी पुन्हा तापतात. हळूहळू तबकडी शहाण्यासारखी सरळ होते.

पुण्याच्या एका संग्राहकाला आमचं काम फार आवडलं. त्यानं फोन केला. मी स्पीकर चालू केला.

"तुमच्याइतकं सपाट कुणाचंच होत नाही! कुठलं मशीन वापरता?"

सलीमभाई म्हणाले, "मे महिना."

तिकडून प्रश्न आला, "इम्पोर्टेड आहे का?"

*

साक्रीकडे एका शेतात बाजरीवर रेकॉर्डी टांगलेल्या आहेत, अशी बातमी आली. मी आणि सलीमभाई मोटारसायकलवर निघालो. गेलो तर खरंच! काठ्यांना सुतळीनं बांधलेल्या काळ्या तबकड्या वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

शेतकरी भाऊ मोठा समजूतदार, न्यायला त्याची ना नव्हती. म्हणाला, "लई जा ताई. पन मंग पाखरू कोन हाकली?"

रास्त प्रश्न. आम्ही दुसऱ्या खेपेला त्याला पिशवीभर जुन्या सीड्या नेऊन दिल्या. चकचकीत, हलक्या, उन्हात डोळे दिपवणाऱ्या. त्या बदल्यात रेकॉर्डी घेतल्या. सौदा आमच्याच फायद्याचा झाला, असं समजून आम्ही खूश.

पुढच्या हंगामात भाऊ दुकानात हजर. हातात तीच पिशवी.

"ह्या तुमन्या परत ल्या. चमकस भलत्या, पन पाखरू येस आनि तोंड देखस तिन्हामा! आमनं ते काळंच बरं व्हतं."

आम्ही त्याला पार तुटक्याफुटक्या, कामातून गेलेल्या रेकॉर्डी दिल्या. पाखरं पुन्हा भ्यायला लागली म्हणे. चांगल्या संगीताची पारख नसली, तरी जुन्या वस्तूचा धाक असतो बरं का!

*

दगडू आबा आमच्याकडे पहिल्यांदा आले, ते काही किस्सा घडवायला आले नव्हते. चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. मंडप आणि स्पीकरचा धंदा. आता मुलगा डीजे लावतो, पण आबांचं जुनं प्लेअर अजून चालू आहे, कारण गावातल्या प्रत्येक लग्नात पाठवणीच्या वेळी एक रेकॉर्ड लागते ती लागतेच. पंचेचाळीसच्या गतीची लहान तबकडी. कुणा विस्मरणात गेलेल्या बाईनं म्हटलेलं अहिराणी गाणं. लेबल उडालेलं. मी इतकी वर्षं शोधते आहे, दुसरी प्रत पाहिली नाही.

"ताई, जराशी खरखर शे," आबा म्हणाले. "तेवढी काढी द्या. बाकी गानं झकास शे."

मी तबकडी धुतली, वाळवली, लावली. बाईंचा आवाज काय सुंदर! मुलगी निघाली आहे आणि आई तिला म्हणते,

'आजून ऊन शे वं माय, जराशी थांब...'

आणि तिथंच सुई अडकली. 'जराशी थांब... जराशी थांब... जराशी थांब...'

सलीमभाईंनी झेप घेऊन सुई उचलली. भिंगाखाली पाहिलं, तर खाचेत पिवळा, कडक झालेला कण. हळद! लग्नघरची रेकॉर्ड, हळद असायचीच. पण बसली होती अशी, की जणू दगडावरचा शेंदूर. स्टीलच्या टोकानं उकरली तर खाच जाते. सलीमभाई अशा कामाला बाभळीचा काटा वापरतात. रोज थोडं भिजवायचं, थोडं कोरायचं. शेवटी कण निघाला. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ वाजलं आणि सलीमभाईंचा चेहरा असा फुलला, की जणू परीक्षेत पहिला नंबर आला.

आबा न्यायला आले तेव्हा त्यांना एसटी गाठायची घाई होती. "वाजवून दाखवतो ना, आबा!" सलीमभाई म्हणाले. आबा म्हणाले, "तुमनावर भरवसा शे." तबकडी गमछ्यात गुंडाळून ते गेले.

*

चोपड्याचेच दुसरे आमचे गिऱ्हाईक म्हणजे केळीवाले नाना. आमच्याकडून रेकॉर्डी विकत नेतात, वरचेवर धुवायला आणतात, केळीच्या खोक्यांत उभ्या लावून ठेवतात. हवा खेळती राहते म्हणे. आम्हाला वाटायचं, घरी मोठा रेडिओग्राम असेल. एकदा सहज विचारलं, "नाना, मशीन कुठलं आहे तुमच्याकडे?"

"मशीन? छे! वाजवल्यानं झिजतात ना!"

सलीमभाईंना राहवलं नाही. त्यांनी नानांच्याच पिशवीतली एक सतारीची रेकॉर्ड लावली. नाना ऐकता ऐकता पार विरघळले. डोळ्यांत पाणी. रेकॉर्ड संपली. मग रुमालानं डोळे पुसून म्हणाले,

"इतकी चांगली आहे काय! बापरे. मग तर हिला जास्तच जपायला पाहिजे."

*

सलीमभाईंच्या नसरीनचा निकाह इथं जळगावातच झाला. सासर धुळ्याचं. जेवणं झाली, फोटो झाले, विदाईची वेळ झाली आणि मुलीचा बाप गायब!

सगळे हॉलमध्ये शोधताहेत. नसरीनची आई, आमच्या भाभी, माझ्याकडे बघताहेत. मी सरळ दुकानाचा जिना चढले. सलीमभाई नव्या शेरवानीत जमिनीवर बसले होते आणि समोर एक प्लेअर उघडा पडला होता.

"पट्टा घसरतोय," ते म्हणाले. मान वर केली नाही.

"कुणाचं आहे हे?"

"आहे कुणाचं तरी."

ते प्लेअर आमचंच होतं आणि पट्टा मीच आदल्या आठवड्यात नवा घातला होता. मी त्यांना ओढत खाली आणलं. आम्ही पोचलो तेव्हा गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली होती. भाभी हॉलच्या पायरीवर बसल्या होत्या. मला त्या दिवशी सलीमभाईंचा भयंकर राग आला. आणि वाईटही तितकंच वाटलं.

"धुळं काय लांब आहे, ताई?" ते म्हणाले. "सकाळी गेलं तर दुपारी परत."

बरोबर आहे. पण अजून धुळ्याहून एखादी रेकॉर्ड आणायची असली, की सलीमभाईंना नेमकी अंगदुखी होते आणि मला जावं लागतं. नसरीन माझ्याजवळ अब्बांसाठी डबा देते. तो डबा ते दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून खातात. या विषयावर आमच्या दुकानात कुणी बोलत नाही.

*

आणि मग दगडू आबा पुन्हा आले.

ते जिना चढून आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. चहा म्हटलं तर नको. गमछ्यातली तबकडी टेबलावर ठेवली आणि सलीमभाईंना म्हणाले, "कोनी सांगं व्हतं तुमले ती जागा साफ कराले?"

सलीमभाई चक्रावले. "आबा, अडकत होती तिथं. आम्ही खास मेहनत करून..."

"अडकाडाकरताच व्हती ना ती!"

मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. त्यांच्या बहिणीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी आई हळदीच्या हातानं प्लेअरला धरून उभी राहिली होती. तेव्हाची ती हळद. तेव्हापासून गावात रीतच पडली. 'जराशी थांब' वर सुई अडकली, की ती पुढं ढकलायचा हक्क फक्त पोरीच्या आईचा. ती ढकलत नाही तोवर पोरीनं उंबऱ्यातून पाऊल उचलायचं नाही.

"वरमाय आरडस, ड्रायव्हर हॉर्न वाजाडस, पन सुईले दुसरं कोनी हात लावस नही. एक माय तं इतली थांबनी, नवरदेव ओट्यावर जपी गया!"

नवरदेव झोपूनच गेला म्हटल्यावर मला हसू आलं. आबांना नाही.

"अन् आते ह्या लगीनमा काय झायं? नवरीनी, सुमननी माय सुईपाशी उनी, हात पुढे करा, अन् गानं सरकन निंघी गयं. थांबनंच नही. पोरगी जीपमा बसनी बी. ती बाई तठेच हात पुढे करीसन उभी. माले म्हने, आबा, मनी थांब कोठे गयी?"

त्या बाईची ती 'थांब' आम्हीच कोरून काढली होती.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, आबांच्या स्वतःच्या नातीचं लग्न होतं. सुनेनं सासऱ्याला बजावलं होतं, ती जागा परत आणा, नाहीतर गाणं लावूच नका. गाण्याशिवाय त्या गावात पोरगी कधी निघालेली नाही. आबांनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात सुनेनं दिलेली घरची हळद.

सलीमभाई पुडीकडे पाहत राहिले. "आबा, आयुष्यभर मी घाण काढत आलो. माझ्याच हातानं टाकू?"

"घान नही ती," आबा म्हणाले. "हळद शे."

सलीमभाईंनी भिंग ओढलं. खाचेतला पिवळा डाग अजून पुसट दिसत होता, म्हणून जागा सापडली. हळदीत डिंकाचा थेंब कालवला आणि बाभळीच्या काट्याच्या टोकावर कण घेतला. पहिल्यांदा सुई मागं यायच्या ऐवजी पुढंच उडाली. काढलं, पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा अडकलीच नाही. आबा दर वेळी डोळे मिटून ऐकत आणि मान हलवत, 'नही'. आम्ही तिघं त्या कणाच्या मागं लागलो होतो आणि दुपार टळून गेली. शेवटी सलीमभाईंनी कण जरा मोठा घेतला, वाळू दिला आणि सुई ठेवली.

'आजून ऊन शे वं माय, जराशी थांब... जराशी थांब... जराशी थांब...'

"हाच!" आबा ओरडले आणि पहिल्यांदाच खुर्चीवर टेकले.

'जराशी थांब... जराशी थांब...'

आबा सुईला हात लावणार नव्हते. त्यांचा हक्क नव्हता. मी लांब, खिडकीजवळ होते. मशीनपाशी सलीमभाई उभे होते, हात पुसत. हात कधीच कोरडे झाले होते.

"सलीमभाई," मी म्हटलं, "सुई!"

"हो, ताई," ते म्हणाले. त्यांनी स्टूल मशीनजवळ ओढलं आणि सुईला हात न लावता त्यावर बसले.