बुजलेली विहीर

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी आखातात, दोह्याला एका ऑफिसात नकाशे काढायचो. आमचा इंग्रज साहेब निवृत्त होऊन त्याच्या जुन्या कॅथेड्रलच्या गावी परतणार होता. त्या गावाचा विटलेला नकाशा त्याने माझ्यापुढे टाकला. नव्या ट्रेसिंग पेपरवर शाईने जसाच्या तसा उतरव, म्हणाला.

तटबंदी, वेशी, कॅथेड्रलचा मनोरा, एकेक बोळ मी उतरवला. साहेब रोज भिंग लावून तपासायचा. एकदा त्याने विचारलं, "धर्मशाळेमागची विहीर कुठे?" मूळ नकाशात तिच्यापुढे 'बुजलेली' असं लिहिलं होतं, म्हणून मी ती गाळली होती. "आता नाहीये ना ती," मी म्हणालो. "पण होती," तो म्हणाला, आणि अख्खा कोपरा ब्लेडने खरवडून मला पुन्हा काढायला लावला.

त्याच टेबलावर आमच्या वस्तीतून जाणाऱ्या नव्या रस्त्याचाही नकाशा होता. मोजणीवाले पेन्सिलीने खुणा करून आणायचे, मी त्यावर शाई फिरवायचो. शाईत आलेल्या घराला, दुकानाला दुसरीकडे जागा मिळायची. शाईत नसेल ती मोकळी जमीन.

तिथेच रत्नागिरीकडच्या एका चाचांची पत्र्याची खानावळ होती. आम्ही वीसेक मराठी माणसं तिथे जेवायचो. मी ऑफिसातून टाय लावूनच जायचो. एकदा चाचा सगळ्यांसमोर ओरडले, "कलेक्टर आले रे, पाट मांडा!" सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण डूख धरला.

चाचांच्या पत्र्याची पेन्सिलीची खूण माझ्यासमोर आली, तेव्हा मी खोडरबर फिरवला. दोनदा. बरं वाटलं, अगदी गार वाटलं.

पाडापाडीची नोटीस लागली तेव्हा चाचा ऑफिसात आले. बाहेर चपला काढून, टोपी सारखी करून माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"भाऊ, माझी खानावळ असेल ना कागदात? सगळ्यांना जागा मिळतेय. मलाच म्हणतात खलास, जा."

मी नकाशा उलगडला. कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणालो, "इथे काहीच नाही, चाचा."

ते वाकून बघत राहिले. म्हणाले, "पत्र्याचं खोपट ते. मोजणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं असेल. तुम्ही तरी काय करणार?"

निघताना त्यांची नजर साहेबाच्या ट्रेसिंगवर गेली. "हे कुठलं गाव? आणि हा गोल कसला?"

"साहेबाचं गाव. ती विहीर आहे. कधीचीच बुजलीय."

"बुजलेलीसुद्धा काढता?"

"काढावी लागते."

चाचांनी शाईला लागणार नाही असं हलकेच त्या गोलाभोवती बोट फिरवलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे हो तुमचा. काही सोडत नाही."