निळी ठिणगी

हे आजवर माझ्या तोंडून निघालं नाही. आई होती तेव्हा तिच्याजवळ नाही, भावाजवळ नाही, मोझरीला समाधीपुढे हात जोडून उभी होते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि बाबांनाही ओळखत नव्हता. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही, एवढंच.

आधी गाडीचं सांगते. गाडीचं सांगितल्याशिवाय बाकीचं सांगताच यायचं नाही.

आमची अँबॅसिडर. पांढरी — म्हणजे कधीकाळी पांढरी. अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना रस्त्याला लागूनच आमचं वावर आहे, गुलाब आणि शेवंतीचं. बाबांनी गाडी घेतली तीच जुनी घेतली. मागची सीट काढली, टोपले भरले, आणि पहाटे पहाटे अमरावतीच्या बाजारात फुलं न्यायला लागले. लोक हसायचे, फुलं म्हणे अँबॅसिडरमधून जातात! पुढे टेम्पो आला, सीट परत बसली, पण अजूनही डिकी उघडली की शिळ्या शेवंतीचा वास येतो. या गाडीच्या बॉनेटखाली दुसऱ्या कुणाचा हात बाबांनी कधी लागू दिला नाही. शहरातल्या मिस्त्र्यांना ते 'नट फिरवणारे' म्हणायचे.

त्यांची एक लांबट वही होती. तीन रकाने — तारीख, बिघाड, उपाय. मागच्या पानांवर पुढचे बेत. पोळा झाला की ब्रेकचे सिलिंडर, दसऱ्याच्या आत क्लचप्लेट, आणि पुण्यतिथीच्या आधी सगळी ट्यूनिंग. पुण्यतिथी म्हणजे मोझरीची, राष्ट्रसंतांची. पहिल्या तोड्याची शेवंती दरवर्षी बाबा स्वतः गाडी चालवत मोझरीला न्यायचे. आपल्या हातची फुलं, आपल्या हातची गाडी — हा त्यांचा नेम होता. चाळीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

आता माझं. तेल्हाऱ्याला दिलं होतं मला. नाही टिकलं. एका दुपारी पिशवी घेऊन परत आले तेव्हा बाबा गाडीखाली होते, नुसते पाय दिसत होते. माझ्या पायांवरून — की चपलांवरून, कुणास ठाऊक — त्यांनी मला ओळखलं आणि म्हणाले, "आली का नंदे? टॉर्च धर." बस. का आलीस, काय झालं, काही नाही. मी पिशवी खाली ठेवली आणि टॉर्च धरला.

टॉर्च धरता धरता पाना हातात आला, आणि मग सगळंच आलं. बाबांचे गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, बोटं थरथरायला लागली, तेव्हा आमची एक पद्धत पडली. ते म्हणायचे, "डोकं माहं, डोये तुहे." ते स्टिअरिंगवर बसायचे, किल्ली फिरवायचे. मी बॉनेटपाशी. ते विचारायचे, मी बघून सांगायची, आणि माझ्या सांगण्यावरून ते बिघाड ओळखायचे. कधी चुकले नाहीत हो! एकदाही नाही. फक्त एक काम ते कुणाला करू द्यायचे नाहीत. सगळं झालं की चाचपडत पुढे यायचे आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण आपल्या बोटांनी दाबून बसवायचे. "शेवटचा हात माहा," म्हणायचे.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनाच्या बाजूला पेल्याएवढी एक डबी असते. तिच्यात दोन बारीक टिकल्या असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. त्या चिकटतात, सुटतात, तेव्हा ठिणगी पडते. ठिणगी नाही तर गाडी नाही. हे पॉइंट पुसायला बाबा संजूच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका वापरायचे. संजू माझा धाकटा भाऊ, पुण्याला असतो. त्याच्या पत्रिकेचा कागद जाड होता, गुळगुळीत होता. माझ्या पत्रिका पातळ निघाल्या म्हणे.

सांगते, सांगते. तिकडेच चालले आहे.

त्या वर्षी अमरावतीला जुन्या गाड्यांचा एक मेळावा झाला. पाच-पंचवीस गाड्या असतील. आदल्या आठवड्यात मी तीन दिवस गाडीखाली पडून होते, कोपरं सोलून निघाली होती. एका पोरानं मोबाइल समोर धरून बाबांना विचारलं, काका, एवढी जुनी गाडी अशी ठेवता कशी? कोण करतं? मी शेजारीच होते, हातात फडकं. आणि बाबा छाती पुढे काढून म्हणाले, "मी आन माहा संजू." संजू! ज्याला पाना कोणता आणि पक्कड कोणती ते कळत नाही तो संजू! त्या पोरानं माझ्याकडे बघितलं तेव्हा बाबा म्हणाले, "थे पोरगी हाय माही. फुलाचं पाह्यते."

तुम्ही म्हणाल, राग येणारच. आला ना. पण राग एका दिवसाचा असतो, फार तर दोन. मी जे केलं ते रागात केलं असतं तर आज हे सांगत बसले असते का?

पुण्यतिथीला आठ दिवस होते. गुलाबाच्या जुड्या आम्ही ज्या पारदर्शक कागदात गुंडाळतो, त्याचा नखाएवढा तुकडा मी कात्रीनं कापला. सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा डिस्ट्रिब्युटर उघडला, तो तुकडा दोन पॉइंटच्या मध्ये सरकवला, आणि झाकण जसं होतं तसं बसवलं. पाच मिनिटांचं काम. 

बाबांनी किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन लागलं नाही. "नंदे, वायर धर." मी कॉइलची वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. ते आतून ओरडले, "ठिणगी हाय का?" ठिणगी कुठून असणार? काहीसुद्धा नव्हतं. आणि मी म्हटलं, "हाय बाबा. निळी हाय, चांगली निळी."

बॉनेट उघडं असलं की आतल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. मी बॉनेटच्या आड उभी राहून हसत होते.

आठ दिवस हे चाललं. त्यांनी पेट्रोलचा पंप काढायला लावला. कार्बुरेटर मांडीवर घेऊन ताटात धुतला, जुन्या टूथब्रशनं. त्यातला जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, मोकळा आहे का ते मला उजेडात धरून बघायला सांगितलं. मोकळा होता, तसं सांगितलं — तेवढं खरं सांगायला काय जात होतं माझं? झाकण मात्र दरवेळी तेच दाबून बसवायचे. आणि रोज तोच प्रश्न, ठिणगी? रोज तेच उत्तर, निळी. मग ते स्टिअरिंगवर हात ठेवून स्वतःशीच बोलायचे. "पेट्रोल हाय. हवा हाय. ठिणगी हाय. मंग लागाले पाह्यजे. काहून लागत नाई व?" त्यांचं कुठं काय चुकत होतं? चुकत होते फक्त माझे डोळे, आणि त्यांच्यावर त्यांचा भरवसा होता.

पाचव्या दिवशी वही माझ्या हातात दिली, मागचं सगळं वाचून दाखव म्हणाले, असा बिघाड आधी कधी झाला होता का बघ. मी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. सहाव्या दिवशी म्हणाले, "नंदे, फायरिंग आर्डर काय हाय व आपली?" चार सिलिंडरमध्ये ठिणगी कोणत्या क्रमानं पडते, तो क्रम. एक-तीन-चार-दोन. हा माणूस झोपेत सांगेल तो! मला पाठ झाला तोच मुळी त्यांच्या तोंडून. मी म्हटलं, "तुमीच सांगा ना." ते म्हणाले, "एक... तीन..." आणि थांबले. माझ्याकडे बघत राहिले. पुढचे दोन आकडे मी दिले नाहीत. वाट बघितली. बराच वेळ बघितली. मग ते म्हणाले, "राह्यू दे," आणि चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

तेव्हा थांबता आलं असतं. तो तुकडा काढून टाकला असता तर कुणाला कळलं असतं? मी काढला नाही. मला पुढे बघायचं होतं.

आदल्या संध्याकाळी संजू आणि त्याची बायको आले. सकाळी शेवंतीच्या टोपल्या मागच्या सीटवर ठेवल्या, शेजारपाजारचे निरोप द्यायला आले, आई हळदकुंकू घेऊन उभी. बाबा पांढरी टोपी घालून स्टिअरिंगवर. किल्ली. परत किल्ली. बॅटरी मरायला आली. संजू म्हणाला, "बाबा, माझी गाडी आहे ना, तिनं जाऊ." बाबांच्या मानेवर घाम आला होता. मी पुढे झाले. बॉनेट उचललं, झाकण काढलं, नखानं तुकडा ओढून मुठीत घेतला, झाकण लावलं. "मारा सेल्फ."

पहिल्या झटक्यात लागली.

संजू ओरडला, "वा ताई!" बाबा उतरून पुढे आले, माझा दंड धरला. "काय होतं व?" आता बघा, या प्रश्नाला किती उत्तरं होती. कचरा होता म्हणाले असते तरी ते खोटं झालं नसतं. पण मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "गाडीले काईच नोतं बाबा. झाकण तिरपं बसवून राह्यले तुमी. आठ दिवसांपासून. आता तुमच्यानं होत नाई. हात नका लावत जाऊ."

त्यांनी दोन्ही हात उलटे करून बघितले. मग सुलटे. कुणाकडेही न बघता ते मागचं दार उघडून टोपल्यांच्या शेजारी बसले. चालवायला मी बसले. अकोल्यापासून मोझरीपर्यंत इतका हलका प्रवास मला आठवत नाही. खोटं कशाला बोलू? मी गुणगुणत होते. मोझरीला फुलं वाहायची वेळ आली तेव्हा बाबांनी परडी संजूकडे दिली. "माह्या हातून सांडतीन," म्हणाले.

त्यानंतर ते चार वर्षं जगले. गाडीला हात लावला नाही, पण गोष्ट गाडीवर थांबली नाही ना! विहिरीवरच्या मोटारीचं बटण बंद केलं का ते मला बघून यायला सांगायचे. दाराची कडी लावली का. सदऱ्याच्या गुंड्या बरोबर लागल्या का. दाढी करायची सोडली, हात चुकंल म्हणून. अकोल्याच्या डॉक्टरनं वय झालं म्हणून गोळ्या दिल्या, त्या मी वेळेवर द्यायची. लोक म्हणायचे, पोरगी असावी तर अशी.

आणि एकच गोष्ट विचारायचे. जेवताना, ऊन खात बसले असताना, शेवटी शेवटी दवाखान्यातल्या खाटेवरूनही. "नंदे, झाकण म्याच बसवलं होतं ना व?" मी म्हणायची, "हो बाबा." "तिरपं?" "हो बाबा, तिरपं." दरवेळी एक दार उघडं असायचं, आणि दरवेळी मी ते लावून घेतलं. चिडून नाही, शांतपणे. चार वर्षं. पहिल्या पहिल्यांदा त्यात मला गोडी वाटायची. नंतर नुसती सवय झाली.

वहीचं सांगायचं राहिलं. मोझरीहून आल्यावर आठवडाभरानं क्लचचं काहीतरी बघायला मी ती उघडली. बाबांची शेवटची नोंद होती, अक्षर वेडंवाकडं, ओळ खाली घसरलेली. तारीख. बिघाडाच्या रकान्यात लिहिलं होतं — गाडी चांगली आहे. मिस्त्री बिघडला. उपायाच्या रकान्यात काही नव्हतं.

मी मान वर केली. ते समोर अंगणात, खाटेवर चहा पीत बसले होते, दोन्ही हातांनी कप धरून. आठ-दहा पावलं होती. वही जागेवर ठेवली आणि त्यांना विचारलं, साखर बरोबर आहे का.

गाडी आजही चालते. या वर्षी ब्रेकचे सिलिंडर बदलले, पुण्यतिथीच्या आधी ट्यूनिंग केलं, मोझरीला जाऊन आले. मेळाव्यात परत कुणीतरी मोबाइल समोर धरला, ताई, गाडी कोण ठेवतं? "मी," म्हटलं. "एकटी."

नोंदी त्याच वहीत करते. ते पान तसंच सोडून दिलं आहे, मी पुढच्या पानापासून सुरुवात केली.