सर्ज्या बुजरा नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना त्यांच्या शेवटच्या आजारातही नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय टाळून पुढे गेलो. आज तुम्हाला का सांगतोय? कारण... कारण काही नाही. सांगतोय, एवढंच.

मी वकील आहे आणि सोलापुरात माझं चांगलं चालतं. साक्षीदार खोटं बोलायला लागला की तो तोंड उघडायच्या आधी मला कळतं. मोटार मात्र मी इतकी हळू हाकतो, की सात रस्त्यावरचे टांगेवाले मागून ओरडतात, "वकीलसाहेब, आमचं घोडं तरी फुडं जाऊ द्या की!" हसू देत बापडे. माझ्या तरुणपणी याच चौकात माझी फटफटी आली की टांगे आपणहून कडेला व्हायचे.

गिरणीतला एक गोरा साहेब विलायतेला परतताना ती विकून गेला आणि वडिलांनी ती मला घेऊन दिली. मी चालवायचो झकास. हे आजही सांगतो, खोटा विनय कशाला? दोन्ही हात सोडून, दोन टांग्यांच्या मधल्या फटीतून, रस्त्यावर वाळत घातलेल्या कडब्यावरून. गावात आम्ही फटफटीवाली पोरं चार-दोनच होतो, पण मस्ती गावभर पुरेल एवढी होती.

आणि आमचा एक खेळ होता. त्याला आम्ही 'झोप मोडणे' म्हणायचो. मंद्रूपच्या बाजाराहून परतणारे गाडीवान गाडी बैलांच्या भरवशावर सोडून झोपी जातात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बैलांना घरची वाट पाठ असते. आम्ही काय करायचो, उतारावर इंजिन बंद करून फटफटी नुसती घरंगळू द्यायची. आवाज नाही, काही नाही. गाडीच्या अगदी मागे आलो की इंजिन पुन्हा जोडायचं. आत साठलेलं पेट्रोल बंदुकीसारखा बार काढायचं, बैल उधळायचे, गाडीवान 'आई गं' करून उठायचा आणि आम्ही हसत पुढे. संध्याकाळी हॉटेलात कुणी किती झोपा मोडल्या त्याच्या बढाया चालायच्या. यात कुणाचं हाड मोडेल असं वाटलं नव्हतं का? खरं सांगू? वाटलं होतं. त्यातच तर मजा होती.

त्या दिवशी मी एकटाच होतो. दुपार टळलेली. ओढ्याच्या उतारावर समोर एकच बैलगाडी, गाडीवान बसल्या जागी डुलतोय, मागे त्याची बायको गाठोड्यावर डोकं टेकून झोपलेली. मी बार काढला. बैल उधळले ते सरळ चरीत गेले, गाडी कलंडली, गाडीवान आपटून बेशुद्ध पडला, आणि बाईचा उजवा हात चाकाखाली आला.

गाडीवानाचं नाव मालकप्पा. तो शुद्धीवर आला तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो. "काय झालं वो?" त्यानं विचारलं. बार दोघांच्याही झोपेत गेला होता, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्या क्षणी माझ्याकडे खरं होतं आणि खोटंही होतं. निवडायला किती वेळ लागला असेल? काहीच नाही. "तुमचा उजवीकडचा बैल बुजला," मी म्हणालो. "मी मागून येत होतो, डोळ्यांनी पाहिलं."

मग मी शूरवीर झालो. उपरण्यानं बाईचा हात बांधला. मालकप्पानं स्वतः तिला उचलून परक्या पुरुषाच्या मागे, फटफटीवर बसवलं. तिनं डाव्या हाताने माझा कोट धरला आणि सोलापूर येईपर्यंत सोडला नाही. आयुष्यात इतकी जपून गाडी मी कधी चालवली नव्हती. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर बाई वाचली नसती. हात राहिला, बोटं मात्र वाकली ती वाकलीच. मालकप्पाच्या गावानं मला फेटा बांधला, नारळ दिला. मी घेतला.

उजवीकडचा बैल सर्ज्या. मालकप्पानं त्याला वासरापासून वाढवलेला. पण बुजऱ्या बैलाला गाडीला कोण जुंपणार? कुणी शेतकरी त्याला विकत घेईना. दावणीला बांधून खायला घालण्याची ऐपत नव्हती. शेवटी तो खाटकाकडे गेला. मला हे कळलं तेव्हा तो अजून खाटकाच्या दारात जिवंत उभा होता. एका वाक्यानं सुटला असता. मी ते वाक्य बोललो नाही. फटफटी तेवढी विकून टाकली.

दर येळवशीला, शेतातच जेवायचा तो सण, मालकप्पा मला बोलावणं धाडतो आणि मी जातो. पाट माझा पहिला. भज्जी, आंबील, ज्वारीची भाकरी. भाकरी सून थापते, कारण गंगव्वाला — त्याच्या बायकोला — आता थापता येत नाही. यंदा मालकप्पा जेवता जेवता थांबला. म्हणाला, "सायेब, सर्ज्या कधीच बुजला न्हवता वो. त्या दिवशीच कसा बुजला, आजून कळंना झालंय."

एवढी वर्षं गेली, आणि त्यानं स्वतःहून दार उघडून दिलं होतं. मी काय म्हणालो असेन? "जनावर ते, मालकप्पा. त्याचा काय नेम."

तेवढ्यात गंगव्वा वाढायला आली. वाढते ती डाव्या हातानं, आणि पाहुण्याला डाव्या हातानं वाढणं तिच्या जिवावर येतं. "डावा हात हाय सायेब," ती म्हणाली, "लई वंगाळ वाटतंय बगा. माफी करा."

दर वर्षी ती हे म्हणते. आणि दर वर्षी मी मोठ्या मनाने म्हणतो, "असू दे, गंगव्वा." यंदाही म्हणालो, आणि पान पुढे केलं.