पाच फोन आणि एक आडवा फोटो

नववीत शाळा सोडलेल्या माणसाला ठाण्याच्या अ‍ॅप कंपनीत काम मिळालं, हे किनवटकडच्या आमच्या गावात आईला अजून पटलेलं नाही. "तिथं करतोस तरी काय?" ती दर वेळी फोनवर विचारते. मी सांगतो, दुसऱ्यांनी बनवलेलं अ‍ॅप बिघडतं का ते बघायचं. "बिघडवायचा पगार देतात? तुला ते लहानपणापासून येतंय," म्हणते.

आधी मी शहाडला मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात सहा वर्षं होतो. आमच्या मॅडम तिथे फुटलेली काच बदलायला आल्या आणि माझं काम बघून मलाच घेऊन गेल्या. तीन महिने बघू, मग पक्कं करू, म्हणाल्या. त्या उपकाराचं इतकं ओझं, की ऑफिसात कुणी नुसतं "ऐक ना" म्हटलं तरी मला वाटायचं, काढलं.

पहिलंच काम कल्याणच्या एका बौद्ध मंडळाच्या वधूवर मेळाव्याचं अ‍ॅप. फॉर्ममध्ये गोत्र नाही, मंगळ नाही, तरी रकाने सव्वीस. मामाचं गाव मंडळाने हट्टाने घालायला लावलेलं. मॅडमनी मला पाच फोन आणि तपासायची यादी दिली. त्यात एक ओळ होती: फॉर्म अर्धा भरून फोन आडवा करा, मग उभा करा. मी पाचही फोन आडवे केले, उभे केले, पालथेसुद्धा घातले. अक्षर हललं नाही. ओके लिहिलं.

मग एका रविवारी मंडळाच्या हॉलवर अ‍ॅप दाखवायला गेलेलो, मॅडम, आमचा इंजिनियर आणि मी. मंडळाचे सचिव रिटायर्ड शिक्षक. जय भीम झाल्यावर म्हणाले, पहिला फॉर्म माझ्या मुलीचा. स्वतःच्या फोनवर, एका बोटाने भरायला लागले.

"उंची पाच-तीन ना गं?"

"चपलेसकट पाच-चार," शेजारी बसलेल्या त्यांच्या मिसेस, काकू, म्हणाल्या.

असं करत पाऊण तासाने फोटोपर्यंत पोचले. फोटो आडवा चढला, मुलगी कुशीवर झोपल्यासारखी दिसायला लागली. कुठलाही बाप करेल तेच सरांनी केलं, फोन वळवला. स्क्रीन वळली आणि फॉर्म कोरा.

"माझाच हात लागला असेल," सर म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून बसले. पुन्हा फोटो, पुन्हा वळवला, पुन्हा कोरा. तिसऱ्यांदा त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि स्वतःची मान आडवी केली.

"अहो, मान धरेल. गुडघे धरलेत तेवढे पुरेत," काकू म्हणाल्या.

मॅडमनी मला हळूच विचारलं, "अरे, तू आडवा-उभा करून बघितलेलंस ना?"

"पाचही, मॅडम."

खोटं नव्हतं. खिशातला टेस्टिंगचा फोन काढून मी वळवला. स्क्रीन वळलीच नाही. दुकानात रोज कुणीतरी यायचं, "भाऊ, स्क्रीन आपोआप आडवी होते." इलाज एकच, ऑटो-रोटेट बंद करायचं. सहा वर्षांत सवयच लागलेली. कुठलाही फोन हातात आला की माझा अंगठा पहिलं ते बंद करणार. पाचही फोनचं मी मिळाल्या दिवशीच बंद करून टाकलेलं. फोन आडवा होत होता, आतलं अ‍ॅप उभंच्या उभं.

गप्प बसलो असतो तर सहज खपलं असतं. सर काकूंना सांगत होते, "आपल्या पिढीला नाही जमत हे." पण शिक्षकाने माझ्यासमोर चूक कबूल करायची, हे मला झेपेना. आमच्या शाळेत ते नेहमी उलटं असायचं.

मी उठून उभा राहिलो. "सर, तुमचं नाही, माझं चुकलं." अंगठ्यापासून सगळं सांगितलं.

आता इंजिनियरचा चेहरा पडला. "मूळ चूक माझी, सर. फोन वळला की अ‍ॅप जुनी स्क्रीन पाडून नवी उभी करतं. पाडण्याआधी लिहिलेलं बाजूला काढून ठेव, असं त्याला सांगावं लागतं. ते मी सांगितलं नव्हतं."

"म्हणजे रिडेव्हलपमेंट," काकू म्हणाल्या. "आमच्या बिल्डिंगला निदान सामान हलवायला महिना दिलेला."

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुझे तीन महिने शुक्रवारी संपतात ना?"

"हो."

"गुरुवारी दुरुस्त अ‍ॅप घेऊन सरांकडे जा. त्यांच्याच फोनवर तपास. आणि अंगठा आवर."

गुरुवारी सर फोन वळवायलाच तयार होईनात. काठोकाठ भरलेला चहाचा कप असावा तसा धरून बसलेले. शेवटी काकूंनीच त्यांचं मनगट धरून फिरवलं. स्क्रीन वळली. सरांनी चष्मा लावून सव्वीसही रकाने पेपर तपासल्यासारखे मोठ्याने वाचले. मामाच्या गावासकट सगळं होतं.

शुक्रवारी मॅडमनी हाक मारली, "ऐक ना." काढलं, असं धरूनच मी गेलो.

"सरांचा फोन आलेला. तुझं लग्न ठरलंय का, विचारत होते. मी म्हटलं, आत्ताच कुठे नोकरी पक्की झालीय त्याची, जरा दम धरा."

"कधी झाली?" मी विचारलं.