प्लंबरच्या घरची ओली फरशी

मिस्त्रीच्या हाताला यश होतं. कुणाचा नळ गळो, कुणाची मोरी तुंबो, माणसं त्याचंच दार ठोठावायची. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, त्याच्या स्वतःच्या संडासात कमोडच्या बुडातून आठ महिने पाणी झिरपत होतं.

फ्लश केला की भांडं किंचित डुलायचं आणि फरशीवर पाणी पसरायचं. मिस्त्रीची बायको दिवसातून पाच-सहा वेळा ते पुसायची.

"अहो, आज तरी बघा."

"रविवारी बघतो."

"कुठल्या रविवारी?"

"गिऱ्हाइकासारखी मागे लागतेस अगदी!" तो हसायचा. गिऱ्हाईक असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. त्यांच्याकडे तरी तो दिल्या वेळेला जायचा.

सासूबाईंची ऐंशी उलटली होती. त्यांना ती हाताला धरून नेऊन आणायची. एका दुपारी त्यांचंच औषध आणायला ती कोपऱ्यावर गेली आणि तेवढ्या वेळात सासूबाई एकट्याच उठल्या. ती परतली तेव्हा त्या भिंतीशी आडव्या पडल्या होत्या, लुगडं ओलं झालेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात मोठी नणंद आली ती तणतणतच.

"फरशी ओली होती म्हणे! एवढीशी जागा, ती पुसायला काय हात झिजतात, वहिनी?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता बोलेल, मग बोलेल. तो एक्स-रेचं पाकीट उलटंसुलटं करत राहिला. 

रात्री घरी आल्यावर ती म्हणाली, "ताईंना खरं काय ते सांगा."

"सांगून आईचं हाड जुळणार आहे का?"

नवव्या दिवशी, सासूबाई घरी यायच्या आदल्या सकाळी, मिस्त्री पिशवी घेऊन संडासात शिरला. पाणी बंद केलं, नटबोल्ट काढले, भांडं उचलून बाजूला ठेवलं. खालची रबरी रिंग कुजून तिचा चुरा झाला होता. जुनं सिमेंट खरवडून त्याने नवी रिंग बसवली, भांडं अलगद टेकवलं, बोल्ट आलटून पालटून आवळले.

"पाना दे गं."

तिने दिला. अर्ध्या तासाच्या आत काम उरकलं.

"झालं. आता थेंब यायचा नाही," तो म्हणाला. तिने फडकं आणून सिमेंटचा चुरा पुसून घेतला. 

सासूबाईंनी तो संडास पुन्हा वापरला नाही. अंथरुणालाच खिळल्या. त्यांचं शौचाचं भांडं दिवसातून चारदा तिथे नेऊन ओतायचं काम तिच्याकडे आलं.

नणंद महिन्याकाठी येते. आल्याबरोबर संडासाच्या दारात उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी चाचपते.

"आता कशी पुसतेस! आधीच पुसली असतीस तर?"

एकदा मात्र मिस्त्रीच्या बायकोला राहवलं नाही. "मी नाही पुसत, ताई. गळत होतं ते. आठ महिने सांगत होते मी. तुमच्या भावाने आई पडल्यावर दुरुस्त केलं."

नणंदेने भावाकडे पाहिलं. "काय रे?"

मिस्त्री चहा पीत होता. "हिला काय," तो म्हणाला, "कुणावर तरी ढकलायचं असतं."

आतल्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली. मिस्त्रीची बायको उठून गेली.