ओला रुमाल

भोपाळच्या ज्या बंगल्यात मी स्वयंपाक करते ना, तिथला स्विमिंग पूल साफ करायला एक म्हातारे चाचा येतात, त्या बंद पडलेल्या गॅसच्या कारखान्यामागच्या वस्तीतले. क्लोरिनचा डबा उघडायच्या आधी ओला रुमाल वर धरून वारा बघतात, मग म्हणतात, “बहू, बच्ची को उधर बिठा.” मी हसायची, “चाचा, पतंग उड़ानी है क्या?”

काल माळ्यानं ॲसिडच्या बादलीतच ती क्लोरिनची पावडर ओतली. पिवळा धूर निघाला आणि चाचा माझ्या पोरीला उचलून पळालेच! मी किंचाळत मागं, वाटलं नेली पोरगी. फाटकाबाहेर चाचा थांबले, तिच्या छातीला कान लावला. ती भोकाड पसरून रडत होती, तरी विचारतात, “साँस ले रही है न?”

मी हो म्हटलं.

“और बाकी सब?”

माळीही खोकत बाहेर आला होता. तिथं तर आम्ही चौघंच होतो.